‘आमिस’मधल्या प्रेमाची किंमत कुणी मोजली?

भास्कर हजारिका यांचा ‘आमिस’ (२०१९) हा असमिया सिनेमा म्हणजे बीफबंदीला दिलेलं सणसणीत उत्तर, असं आपल्यातले काही मित्र सांगतात. आम्हाला हे मान्य नाही. सिनेमा चांगला आहे, पाहायलाच हवा. पण तो आपल्या बाजूचा आहे असं धरून टाळ्या वाजवण्याआधी शेवटाकडे कोण मरतं, तेवढं नीट पाहा. (पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे, आधीच सांगतो.)

गुवाहाटीत राहणारा सुमन ईशान्य भारतातल्या मांसाहारावर पीएचडी करतोय. निर्मली लहान मुलांची डॉक्टर, विवाहित. नवरा कामासाठी सतत बाहेर. फीच्या बदल्यात सुमन तिला सशाचं मटण देतो आणि दोघांचं एकत्र खाणं सुरू होतं. प्रेम जडतं, पण दोघं एकमेकांना हातही लावत नाहीत. मध्यमवर्गीय अब्रू आड येते. मग सुमन जनावरांच्या डॉक्टर मित्राकडून स्वतःच्या मांडीचं मांस काढून घेतो आणि शिजवून तिला खाऊ घालतो. स्पर्शाला बंदी, म्हणून शरीरच ताटात. हा भाग विलक्षण जमला आहे. किळस येते आणि त्या दोघांची कीवही येते. मराठीत आपण ‘आमिष’ म्हणजे लालूच समजतो, ‘सामिष’मध्ये मात्र मूळचं मांस शिल्लक आहे. सिनेमात दोन्ही अर्थ एकाच वाटीत येतात.

आता बीफबंदीचं. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, आसाममध्ये २०२१ला गुरांच्या कत्तलीवर कडक निर्बंध आले. अशा काळात मांसावर सिनेमा आला की आपल्याला तो जवळचा वाटणारच. पण या दोघांचं मांस खाणं म्हणजे नवा अनुभव, हौस, संशोधन. चान्या वाळत घालणाऱ्या आपल्या आज्यांची ती हौस नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचं जेवण लिहिलं, त्यात कुठला तुकडा कुणाच्या वाट्याला आला हे जातीने ठरवलेलं दिसतं. बाबासाहेबांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात गोमांसाचा प्रश्न मांडला तोही समाजाच्या इतिहासाचा म्हणून, कुणा एकाच्या जिभेचा म्हणून नव्हे. ‘आमिस’ला हा इतिहास नको आहे. उलट त्यात सशापासून सुरू झालेली वाट माणसापर्यंत जाते, आणि शाकाहारी शुद्धतावाल्यांना नेमकी हीच वाट दाखवायची असते! दिग्दर्शकाचा तसा हेतू असेल असं आम्ही म्हणत नाही. पण वाट तिकडेच जाते.

खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे. निर्मलीची भूक वाढते, सुमनचं शरीर पुरेनासं होतं. तेव्हा तो रात्री रस्त्यावर एका रिक्षा ओढणाऱ्याला मारतो. डॉक्टरला नाही, प्राध्यापकाला नाही, निर्मलीच्या सोसायटीतल्या कुणाला नाही. ज्याच्या श्रमावर शहर रोज जगतं त्याचंच मांस. सुमनने स्वतःची मांडी दिली ती राजीखुशीने. या माणसाला कुणी विचारलं? त्याच्या घरी कोण वाट पाहतंय हे सिनेमा विचारत नाही. सुमनला ही निवड करताना फार विचार करावा लागत नाही, आणि प्रेक्षकालाही ती विचित्र वाटत नाही. आम्हाला भीती वाटली ती इथे. मांडी कापताना डोळे मिटणारा प्रेक्षक इथे फक्त ‘आता हे दोघं पकडले जाणार’ म्हणून हळहळतो.

आपल्याकडे जात ओलांडून प्रेम केलं की कोयता प्रेमिकांवरच चालतो. ‘सैराट’चा शेवट आठवा. २०१४चं खर्डा आठवा, तिथे तर नुसत्या संशयावर एका शाळकरी पोराचा जीव गेला. त्यामुळे अडवलेल्या प्रेमाची बाजू घेणं हा आपला स्वभाव झाला आहे, आणि तो योग्यच आहे. ‘आमिस’ या स्वभावाचा फायदा घेतो. अडवलेलं प्रेम आहे म्हटल्यावर आपण त्या दोघांचे होऊन बसतो, आणि तिसरा माणूस आपल्या हिशेबातूनही जातो.

शेवटी पोलीस दोघांना तोंडं झाकून कॅमेऱ्यांसमोर उभं करतात. तिथे ते पहिल्यांदा एकमेकांचा हात धरतात. दृश्य सुंदर आहे, नाकारत नाही. वस्तीत, वसतिगृहात हा सिनेमा जरूर लावा. चर्चेला बसलात की निर्मली-सुमनवर बोलायला सगळेच हात वर करतील. सुरुवात त्या रिक्षावाल्यापासून करा.