नाट्यगृहाचा हिशेब फाटकाबाहेर करा!



८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. तेव्हा रडून झालं. आता हिशेबाला बसूया, कारण नव्या नाट्यगृहाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं : भाडं किती येणार, वीजबिल किती जाणार, महापालिकेनं हा पांढरा हत्ती का पोसायचा?

अहो, भाड्याच्या वहीत काय सापडणार? फाटकाबाहेर या. समजा, प्रयोगाला ६०० माणसं आली. रिक्षा, पार्किंग, चहा, गजरा, खासबागेतली भेळ, सुटल्यावर जेवण. माणशी १०० रुपये धरा. एका रात्रीत ६० हजार. महिन्यात १५ प्रयोग झाले तर ९ लाख. अंदाज आमचा आहे, फुगलेला वाटला तर निम्मा करा. तरीही हे पैसे त्याच रात्री गल्ल्यात पडतात, आणि तो गल्ला कोल्हापूरच्याच माणसाचा असतो. शिवाय मुंबई-पुण्याची मंडळी आली की लॉज लागतो, नेपथ्य उतरवायला हात लागतात, इस्त्रीवाला लागतो. हौशी संस्थेचं नाटक असेल तर सुतार, रंगारी, कपडेपटवाले, लाइटवाले सगळे इथलेच.

आणि हे हात पुढे काय करतात, ते याच गावानं पाहिलंय. बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. त्याच हातांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये इथेच 'प्रभात' काढली. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली, तो सल वेगळा! आणि हेच नाट्यगृह शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाला लागून 'पॅलेस थिएटर' म्हणून बांधलं, तेव्हा त्यांना कुणी भाड्याचा तक्ता मागितला नसावा.

मात्र नुसती इमारत बांधून यातलं काहीच होणार नाही. लग्नं, मेळावे आणि सत्कारांनी तारखा भरल्या तर नाटकवाले पाठ फिरवतील. म्हणून शनिवार-रविवार नाटकालाच द्या. हौशी संस्थांना रंगीत तालमीसाठी परवडेल असं भाडं ठेवा. प्रयोग सुटल्यावर केएमटीची बस सोडा, नाहीतर उपनगरातला माणूस तिसऱ्या अंकातच घड्याळ बघतो. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली खाऊच्या गाड्या हटवू नका. हत्तीच्या चारा-पाण्याचा खर्च त्याच वसूल करून देतात!

खासबागेच्या आसपास ज्यांची टपरी, गाडी, दुकान किंवा रिक्षा आहे, त्यांनी आगीच्या आधीचा आणि नंतरचा आपला रोजचा धंदा लिहून द्यावा. ते कागद घेऊन आम्ही महापालिकेत जाणार आहोत. वेगळा कागद शोधू नका. या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे.

— खासबाग परिसरातील दुकानदार व नाट्यरसिक