फोटोतले आकडे

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांचा एकच प्रश्न: 'आयर्विनला पाणी किती?' ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती आणि केव्हा, यावर अजून भांडणं चालतात.

भांडण मिटवायचं तर आकडे हवेत. ते सरकारकडे आहेत, जाहीरही होतात. पण आमच्यापर्यंत पोचतात ते पीडीएफ म्हणून, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्त्याचा फोटो म्हणून. फोटोची बेरीज करून दाखवा राव!

माहिती यंत्राला वाचता येईल अशी द्या, हे तर केंद्राच्या २०१२ च्या धोरणातच लिहिलंय. साताऱ्यात कोयनेचे दरवाजे उघडले की ते पाणी कराडला कृष्णेत मिसळून आमच्याकडे येतं. मग दोन्ही जिल्ह्यांचा तासातासाचा विसर्ग, पातळी, पाऊस, मागच्या वर्षांसकट एका साध्या सीएसव्ही फाइलीत का नको? 'लोक घाबरतील' ही सबब पुरे. लोक घाबरतात ते अफवांना.

आता सगळंच उघडं टाका, असंही मी म्हणत नाही. पूरग्रस्तांच्या यादीतले खातेक्रमांक, मोबाइल नंबर झाकाच. कुठल्या गावात किती कुटुंबांना किती मदत मिळाली, एवढं कळलं की हिशोब विचारता येतो.

नदीला कसली आलीय प्रायव्हसी? ती माणसाला असते. पटतंय का बघा.