रोग्याच्या उशाशी पोहोचणारे दान

भोपाळ शहराचे नाव निघाले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे १९८४ सालच्या डिसेंबरातील २ व ३ या तारखांमधली ती काळरात्र उभी राहते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारोंचा बळी घेतला, आणि जे वाचले त्यांपैकी कित्येकांच्या मागे जन्माचे आजारपण लागले. त्या वायूमुळे कर्करोग किती बळावला, याविषयी जाणत्यांत वाद आहे, आणि तो सोडविण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु शंका इतकी गंभीर होती की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८६ साली भोपाळमध्ये कर्करोगाची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तंबाखूपायी होणारे तोंडाचे व जिभेचे कर्करोग त्या नोंदवहीत मोठ्या संख्येने आढळतात. म्हणजे वायूचे काय असेल ते असो, गुटख्याच्या पुडीचा हिशेब तर आपल्याही गावात तोच आहे.

२०१० साली केंद्र सरकारच्या मंत्रिगटाने कर्करोग झालेल्या वायुपीडितांसाठी दोन लाख रुपये ठरविले, आणि पूर्वी दिलेली भरपाई त्यातून वजा व्हावयाची होती. दुर्घटनेस तेव्हा सव्वीस वर्षे होत आली होती. सरकारने दिले ते योग्यच केले. कर्करोगाच्या घरात दोन लाख कसे वितळतात हे मात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. आज आम्हास बोलावयाचे आहे ते दुसऱ्याच पैशाविषयी. लोकांनी पन्नास-शंभर रुपयांनी जमविलेला जो पैसा असतो, तो रोग्याच्या खाटेजवळ पोहोचल्यावर नेमके काय करतो?

भोपाळमध्येच याचे एक उदाहरण घडले. दुर्घटनेस दहा वर्षे झाली तेव्हा, १९९४ साली, इंग्लंडातील 'गार्डियन' या दैनिकात एक मोठी जाहिरात आली व तीत भोपाळच्या आजाऱ्यांसाठी वर्गणी मागितली होती. ती वाचून पैसे धाडणारे बहुतेक साधे वाचकच होते. त्या पैशातून १९९६ साली 'संभावना' नावाचे चिकित्सालय उघडले. (मराठीत विद्वानाची संभावना करावयाची म्हणजे त्यास दक्षिणा द्यावयाची, हिंदीत या शब्दाचा अर्थ 'शक्यता' असा होतो. येथे दोन्ही अर्थ जुळून आले!) तेथे आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद व योग यांचाही उपयोग केला गेला, वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविका नेमल्या गेल्या, आणि गोरगरिबांवर विनामूल्य उपचार झाले. पुढे डॉमिनिक लापिएर या फ्रेंच लेखकाने भोपाळवरील आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून स्त्रियांसाठी विभाग उभा करून दिला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीच ओळखता यावा, हा त्यामागील एक हेतू होता. लाजेपायी व भीतीपायी जी स्त्री डॉक्टरकडे जात नाही तिला ओळखीची आरोग्यसेविका हाताला धरून घेऊन आली, तर हा रोग हाताबाहेर जाण्यापूर्वी सापडतो. त्या सेविकेचा पगार कोणत्याही यंत्राच्या किंमतीत धरलेला नसतो. तो वर्गणीतूनच द्यावा लागतो.

आता भोपाळला कर्करोगाची रुग्णालये नाहीत असे नव्हे. ईदगाह टेकडीवरील जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. तरीही त्या भागातील पुष्कळ कुटुंबे आजाऱ्यास घेऊन मुंबईची वाट धरतात. पंजाब मेलने रात्रभराचा प्रवास करून सकाळी दादरला उतरावयाचे, आणि तेथून परळच्या टाटा रुग्णालयाचा पत्ता विचारीत निघावयाचे. हे रुग्णालय १९४१ पासून देशभरच्या रोग्यांची पंढरी झाले आहे. उपचाराचा भार पूर्वीपेक्षा हलका झाला, हे खरेच; २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. पण किरणोपचार एका दिवसात आटोपत नाही, तो अनेक आठवडे चालतो. तोवर राहावयाचे कोठे? शिजवावयाचे कशावर? बापाची मजुरी बुडाली, तर गावी उरलेल्या लेकरांनी खावयाचे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याच योजनेच्या कागदावर छापलेली नाहीत, आणि म्हणून परळच्या पदपथांवर औषधांच्या पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसे दिसतात.

उपचार अर्धवट टाकून घरी परतणारे रोगी येथेच हरतात. औषध लागू पडत असते, पण मुक्कामाचा खर्च पेलत नाही. म्हणून धर्मशाळेची एक खोली म्हणजे उपचाराचाच भाग, असे आम्ही मानतो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे लोकांच्या देणग्यांवर चालविले आहे. मुलांसाठी २००६ साली मुंबईत 'सेंट ज्यूड' या नावाने केंद्रे सुरू झाली. नावावरून ही आपल्या चर्चची संस्था असा वाचकांचा ग्रह होईल, पण ती तशी नाही. तेथे उपचार चालू असेतोवर आजारी मूल व त्याचे आईबाप यांस राहावयास स्वतंत्र जागा मिळते, शिधा मिळतो, रुग्णालयात जाण्यायेण्याची सोय होते, आणि आईला आपल्या हाताने रांधता येते. ही शेवटची गोष्ट वाचकांस क्षुल्लक वाटेल. औषधाने तोंड आलेले, अन्नाचा वास आला की उलटी करणारे मूल परक्या ताटातील घास बाहेर ढकलते. आईने घरच्यासारखी मऊ खिचडी केली तर दोन घास पोटात जातात. आणि पोटात काही गेले तरच पुढच्या आठवड्याचे औषध अंगी लागते. स्वयंपाकाची शेगडी दान करणाऱ्याच्या नावाची पाटी कोणी लावीत नाही, हे आम्हास ठाऊक आहे.

यापुढचा विषय अधिक कठीण आहे. ज्याचा रोग बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले त्याचे काय? गावात अशा माणसाविषयी एकच वाक्य ऐकू येते : 'आता काही करण्यासारखे राहिले नाही.' आमचे स्पष्ट मत आहे की हे वाक्य खोटे आहे. करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यात पहिले काम वेदना थांबविणे हे होय.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रमुख औषध आहे. ते अफूपासून निघते, आणि अफूची शेती सरकारी परवान्याने जेथे होते त्यांत मध्य प्रदेशचे मंदसौर व नीमच हे जिल्हे अग्रेसर आहेत. नीमचला सरकारी कारखानाही आहे. म्हणजे भोपाळच्या रोग्याचे औषध त्याच्याच राज्यातील शेतात बोंडांतून पाझरते. पण १९८५ च्या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले गेले की रुग्णालये मॉर्फिन ठेवण्यासच कचरू लागली, आणि ज्यांना त्याची खरी गरज होती ते रोगी कण्हत राहिले. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही अट पुष्कळ सैल केली. तरीही मॉर्फिन गावच्या दुकानात मिळत नाही, आणि मिळूही नये. त्यासाठी मान्यता मिळालेली संस्था लागते, तिच्यात शिकलेला डॉक्टर लागतो, आणि रोग्याच्या घरी जाऊन मात्रा नीट चालली आहे ना, पोट साफ होते ना, पाठीला जखमा पडल्या नाहीत ना, हे पाहणारी परिचारिका लागते. गोळी काही रुपयांची असते, परंतु ती रोग्यापर्यंत पोहोचविणारी माणसे पोसावी लागतात. लोकवर्गणीचा पैसा सर्वांत जास्त आराम विकत घेतो तो येथे, आणि नेमका येथेच तो सर्वांत कमी येतो. यंत्राचे उद्घाटन करता येते. शांतपणे झोपलेल्या रोग्याचे उद्घाटन कोण करणार?

वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी त्याच टेकडीवरील 'शांती आवेदना सदन' बाहेरून तरी पाहिले असेल. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी ते १९८६ साली स्थापिले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांसाठी भारतात उघडलेले हे पहिले सेवासदन. होली क्रॉसच्या धर्मभगिनी तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत आल्या आहेत. धर्म वा जात विचारली जात नाही, आणि रोग्याकडून पैसा घेतला जात नाही. गोव्यात लोटली येथे व दिल्लीसही त्याच्या शाखा झाल्या. असल्या घरांचा उगम कशात आहे ते पाहिले म्हणजे नवल वाटते. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडचा ज्यू वाढपी कर्करोगाने मरणपंथास लागला होता. त्याने आपल्याजवळचे पाचशे पौंड सिसिली सॉन्डर्स या सेविकेच्या स्वाधीन केले. ती बांधणार असलेल्या घरात आपली एक खिडकी असावी, एवढीच त्याची इच्छा होती. घर उघडावयास १९६७ साल उजाडले. त्या घराचा पहिला पैसा असा एका मरणाऱ्या वाढप्याच्या खिशातून आला.

केरळात याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. कोझिकोड येथे १९९३ साली डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली, आणि तिच्यातून मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत गावोगाव मंडळे उभी राहिली. दुकानातील पेटीत टाकलेली नाणी, शाळेतील मुलांची छोटी वर्गणी, बसवाल्यांची व मजुरांची महिन्याची ठराविक रक्कम यांवर ती चालली. गावातील माणसेच थोडे शिकून आठवड्याचे काही तास रोग्याच्या घरी बसू लागली. येथे मोठ्या देणगीपेक्षा नियमितपणाला मान आहे, आणि आमच्या मते तेच योग्य आहे. सणाला एकदाच फुटलेला दानाचा पाझर पावसाळ्यात आटतो, आणि रोग्याची वेदना तर पंचांग पाहून येत नाही. शोमरोनी माणसाने देखील उतारशाळेच्या मालकास दोन नाणी देऊन हात झटकले नाहीत. परत येईन तेव्हा उरलेले देईन, असे तो सांगून गेला.

हल्ली भ्रमणध्वनीवर मदतीची आवाहने येतात. नाकात नळी घातलेल्या लेकराचे छायाचित्र, खाली आठ-दहा लाखांचा आकडा. त्यांतील पुष्कळ खरी असतात, आणि कित्येकांचे उपचार त्यांवर झाले आहेत. पण त्या मुलाने आपला चेहरा असा हातोहात फिरावा म्हणून संमती दिलेली नसते, आणि ज्याचे छायाचित्र करुण नाही अशा म्हाताऱ्या रोग्यास कोणी पुसत नाही. पाठवावयाचेच असेल तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी, आणि शक्य तो रक्कम रुग्णालयात रोग्याच्या नावे भरावी.

आपल्या धर्मग्रामांनी काय करावे, असे काही वाचक विचारतील. दोनशे घरांनी महिन्याला पन्नास रुपये वेगळे काढले तर दहा हजार होतात. तेवढ्यात एका परिचारिकेच्या घरोघरच्या फेऱ्या, अंथरुणाला खिळलेल्यासाठी हवेची गादी, आणि रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेला आठवड्यातून एक दुपार सुटका, इतके पुष्कळसे साधते. हिशेब महिन्याच्या महिन्यास चर्चच्या फलकावर लावावा. रोग्यांची नावे मात्र त्यावर मुळीच लिहू नयेत, कारण आपल्या गावांत हा रोग अजूनही लपवून ठेवला जातो, आणि फलकाच्या भीतीने कोणी मदतच नाकारावी हे बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून येथे नोंदवितो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. तिचा ठराविक नमुना असतो, आणि तो कर्करोगाच्या रुग्णालयाने भरून शिक्क्यानिशी द्यावा लागतो. तिकीट काढण्यापूर्वी तो मागून घ्यावा, व मुंबईहून निघतानाच पुढच्या फेरीसाठीचाही हाती ठेवावा.