रेलून चालवायची सायकल आणि गुडघ्यांचा हिशेब

आसनावर मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीला रिकम्बंट म्हणतात. प्रथम पाहणाऱ्यास ती आरामखुर्चीला चाके लावल्यासारखी भासते. युरोपात ती बऱ्यापैकी रुळलेली आहे, आपल्याकडे विरळा. पाठीच्या, मानेच्या किंवा मनगटाच्या दुखण्यामुळे साधी सायकल सोडावी लागलेले अनेक जण तिच्याकडे वळतात. मग तिकडे हिवाळा, इकडे पावसाळा आणि पाठोपाठ दिवाळीचा हंगाम. पाच-सहा महिने सायकल कोपऱ्यात उभी राहते आणि स्वार पेढीवर बसून राहतो. पुन्हा बाहेर पडताना टायरमध्ये हवा भरता येते, पायांत भरता येत नाही.

‘ही तर आरामाची गाडी, हिला कसली तयारी?’ हा समज मुळातच चुकीचा आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या श्रेणीच्या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनविलेल्या अशाच सायकलीवर एका तासात ४५ किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम असे बदलले की ही सायकल अधिकृत शर्यतींतून बाद झाली. देह आडवा असल्याने वारा कमी अडतो, हे तिच्या वेगाचे रहस्य. परंतु श्रम पायांनाच करावे लागतात.

साध्या सायकलीवर चढ आला की स्वार उभा राहून देहाचा भार पेडलवर टाकतो. येथे ती सोय नाही. पाठ आसनाला टेकलेली असते आणि भिंतीला पाठ लावून जड कपाट पायांनी ढकलावे, तसा जोर लावता येतो. हा जोर प्रसंगी स्वतःच्या वजनाहूनही अधिक असतो, आणि तो सगळा गुडघ्यांवर येतो. खरा धोका येथेच आहे. खंडानंतर सराव सुरू केला की दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही साथ देऊ लागतात. मात्र स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमले’ असे वाटून जो जड गिअर टाकतो, तोच बहुधा गुडघा धरून घरी बसतो.

म्हणून प्रारंभी हलका गिअर आणि मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे, हेच धोरण ठेवावे. सपाट रस्ता, अर्धा तास, एक दिवसाआड. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ नको. जुना वेग आठवून तो गाठू पाहणे म्हणजे रिकाम्या खात्यावर हुंडी लिहिणे. पेडल सर्वांत दूर असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढे आसनाचे अंतर असावे. मधल्या काळात कोणी सायकल हलविली-बदलली असेल तर ते पुन्हा तपासावे. घरी सेतुबंधासन आणि सावकाश जिने चढणे यांनी नितंब व मांड्यांना पूर्वतयारी मिळते.

पाय उंचावर असल्याने तळवे बधिर होतात. बुटांची नाडी सैल करावी, मध्ये थांबून चार पावले चालावे. तसेच चालू सायकलीवरून पाय निसटून जमिनीला लागला तर तो आसनाखाली ओढला जाऊन गंभीर इजा होऊ शकते. टाच अडकविण्याचा पट्टा त्यासाठीच असतो आणि पहिल्या दिवसापासून तो हवाच, मग ओळखीचे कितीही हसोत.

दुचाकी प्रकारात मंद गतीवर तोल डगमगतो; पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या मैदानात घालवावेत. त्यानंतरही काही आठवडे चढावर साधी सायकलवाली मंडळी पुढे निघून जातील. त्यांना जाऊ द्यावे. उतारावर गाठ पडतेच.