नळ आला, तरी टाके हवेच

जैसलमेर-बाडमेरच्या गावांपर्यंत पाणी पोचवणारा इंदिरा गांधी कालवा हे स्वतंत्र भारतातले एक अचाट काम आहे, यात वाद नाही. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यावरून सतलज-बियासचे पाणी उचलायचे आणि सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर थरच्या वाळूत नेऊन सोडायचे, हे १९५८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा अनेकांना अशक्यच वाटले असेल. पण कालव्याच्या भरवशावर गावोगावचे टांके मोडकळीला येऊ देण्यात शहाणपण नाही. हा कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो, आणि ही ‘नहरबंदी’ बहुधा ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. त्या काळात तहान भागते ती आधी साठवलेल्या पाण्यावरच. म्हणजे साठवण ही नळाची प्रतिस्पर्धी नाही, नळयोजनेचाच तो एक भाग आहे. अंदाजपत्रकात मात्र तिला तसे स्थान क्वचितच मिळते.

टांका म्हणजे जमिनीत बांधलेले, वरून झाकलेले टाके. भोवतीची ‘आगोर’ ही उताराची स्वच्छ जमीन पाऊस त्यात आणून सोडते. हिशेब साधा आहे. हजार चौरस मीटर आगोरावर अवघा शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. निम्मे जिरले-उडाले तरी पन्नास हजार उरते. सहा माणसांना पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज दहा लिटर धरले, तर वर्षाला बावीस हजार लिटरही लागत नाहीत. शिवाय भूजल अनेक ठिकाणी खारे किंवा फ्लोराइडयुक्त असलेल्या या मुलखात पावसाचे पाणी गोडे असते. उलट बाहेरून आलेले पाणी नीट हाताळले नाही, तर तेच अंगावर येते. हनुमानगडकडे बेसुमार सिंचनाने शेते पाणथळ झाली, तिथले शेतकरी या स्थितीला ‘सेम’ म्हणतात. जोधपुरात कालव्याचे पाणी आल्यावर जुन्या बावड्यांचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचा, उपसा थांबला, भूजल वर चढले आणि तळघरांत पाणी शिरू लागले. वाळवंटातल्या शहराला पाणी उपसून टाकावे लागते!

सलग दुष्काळ पडला तर टांका कोरडा पडेल, हे खरेच. पण तेव्हाही टँकरचे पाणी ओतायला घराशेजारी तोच लागतो. शहरांची गरज टांक्यांनी भागणार नाही, हेही मान्य. त्यांना कालवा हवाच. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: जुन्या पाणवठ्यांवर जातीची राखण होती, नळ त्यातून सुटका करतो. पाणवठ्यांचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात. म्हणूनच जुनी व्यवस्था जशीच्या तशी उभी करू नये. दलित वस्तीत घरोघरी स्वतःचा टांका आणि नळ दोन्ही द्यावेत. सामाईक आगोरांची नोंद महसुली दप्तरात व्हावी. ओरण-गोचर म्हणजे देवराया-गायरानांच्या जमिनी पडीक समजून सौर प्रकल्पांना दिल्या जातात, तेव्हा त्यांवरून वाहणारे पाणीही जाते; ते नुकसान प्रकल्पाच्या खर्चात धरल्याशिवाय परवानगी देऊ नये.