‘इत्यादी’तील जात

जातीविषयीच्या इतरांच्या व्याख्या तपासून मगच बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात आपली मांडणी केली. आज व्याख्या संगणकासाठीही लिहिल्या जातात. संकल्पना व त्यांची परस्परनाती यांच्या अशा आराखड्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. हे काम केवळ संगणकतज्ज्ञांचे, हे मला मान्य नाही. आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाच्या घडणीत स्टॅनफर्डच्या ‘प्रोटेजे’वर बेतलेले साधन वापरले गेले, ते हाताळणाऱ्यांत वैद्यकीय मंडळी होती. आयसीडी-१० मधील भेदभावाचा संकेत, झेड ६०.५, पाहा: कातडीचा रंग, धर्म, वंश यांचा उल्लेख आहे, जात मात्र ‘इत्यादी’त! ते ‘इत्यादी’ सोसणाऱ्यांनीच उलगडावयास हवे. प्रोटेजे विनामूल्य आहे, मराठी संज्ञाही स्वीकारते. मंडळाने रविवारचा वर्ग काढावा. गृहिणींना, निवृत्त कामगारांनाही बोलवावे. प्रारंभ वीस संज्ञांनी पुरे.