कोल्हापुरी म्हणून घ्याल, ती कोल्हापुरीच घ्या

सर्व ग्राहक, चप्पलविक्रेते, कारागीर बंधू-भगिनी आणि परगावच्या, परदेशातल्या मराठी मंडळांना जाहीर आवाहन.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोत प्राडा कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीच्या धाटणीची चप्पल मांडली, पण तिची ओळख केवळ ‘चामड्याचे सँडल’ अशी करून दिली. महाराष्ट्रभर संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला जाब विचारला, कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले आणि डिसेंबरात महाराष्ट्राचे लिडकॉम व कर्नाटकाचे लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. तो संताप रास्तच होता. मात्र मिलानला विचारलेला प्रश्न आपण आपल्या बाजारपेठेला अजून विचारलेला नाही. रेक्झिनचे पट्टे, रबराचा तळ आणि डिंकाने चिकटवलेली जोडी यात्रेत, पर्यटनस्थळी, ऑनलाइन दुकानात ‘कोल्हापुरी’ म्हणून सर्रास विकली जाते, आणि ती आपणच घेतो.

मिलानमधला प्रकार आणि आपल्या बाजारातला प्रकार या दोन गोष्टींत कायद्याने मोठा फरक आहे. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन २०१९ साली जाहीर झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. भौगोलिक मानांकनाचा १९९९चा कायदा मुख्यतः नावाला, म्हणजे माल अमुक मुलखातला आहे या ग्वाहीला संरक्षण देतो. मिलानमध्ये आकार घेतला गेला, नाव वापरले नव्हते. आपल्या गल्लीत मात्र नावच वापरले जाते, तेही मालाशी काडीचा संबंध नसताना. बनावट मानांकन लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे ज्या गुन्ह्याकडे आपण रोज काणाडोळा करतो, तोच या कायद्यात अधिक स्पष्ट गुन्हा आहे.

नाव इतके मोलाचे का, हे चप्पल कशी बनते ते पाहिले की कळते. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावले जाते. मग तळ कापायचा, थर बसवायचे, चामड्याच्या वादीने शिवायचे, वेणी आणि कान हाताने घालायचे. खिळा लागत नाही. घरातली बाई वेणी विणते, पुरुष तळ शिवतो. ढोर आणि चर्मकार समाजातल्या पिढ्यांनी जपलेले हे ज्ञान कुठल्या कंपनीच्या पेटंटात नोंदलेले नाही. त्यांच्याकडे भांडवल नाही, जाहिरात नाही. या लोकांची बौद्धिक मालमत्ता म्हणजे एवढे एक नाव. नकली जोडी पहिल्या पावसात उकलली की ग्राहक म्हणतो, ‘कोल्हापुरी टिकत नाही.’ विकली नकली, बदनाम झाली अस्सल. कारागिराचे नुकसान असे दुहेरी होते: गिऱ्हाईकही जाते आणि पतही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. ‘गरिबाने महाग चप्पल कुठून घ्यावी?’ स्वस्त चप्पल घेण्यात काहीच गैर नाही. ती रेक्झिनची म्हणून विका, रेक्झिनची म्हणून घ्या. स्वस्ताई हा गुन्हा नाही, खोटे नाव हा गुन्हा आहे. शिवाय फसतो तो बहुधा गरीबच, कारण चामड्याचे पैसे मोजून तो रेक्झिन घरी नेतो. ‘परंपरा सर्वांची, तिच्यावर मालकी कसली?’ परंपरा पाहायला, मिरवायला सर्वांची आहे. तिच्या नावावर पोट मात्र बनवणाऱ्याचेच भरले पाहिजे. ‘कायदा आहे ना, सरकार बघेल.’ प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी, असा त्यामागचा मुद्दा होता. म्हणजे कायदा आपणहून धावत येत नाही. त्याला हक्कदाराची तक्रार लागते आणि तक्रारीला ग्राहकाकडचा पुरावा लागतो.

म्हणून ग्राहकांना विनंती आहे, की चप्पल घेताना तळाची कड पाहा. चामड्याचे थर आणि वादीची शिवण दिसते का, की कापडी अस्तर डोकावते? लिडकॉमने नकली मालाला आळा घालण्यासाठी क्यूआर कोड आणला आहे. तो असेल तर स्कॅन करा. पक्के बिल मागा आणि त्यावर ‘चामडी कोल्हापुरी’ असे लिहून घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. दुकानदारांनो, दोन्ही माल ठेवा, पण पाट्या वेगळ्या लावा. कारागीर बंधू-भगिनींनो, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवा, कारण त्या नोंदणीवाचून तुमच्या तक्रारीला बळ नाही. आणि मराठी मंडळांनो, संमेलनात, दिवाळी बाजारात चपलांचा गाळा लावाल तर माल थेट या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांकडूनच मागवा.

मिलानला आपण जे खडसावून सांगितले, ते आता आपल्या बाजारातही सांगायला हवे. पुढची जोडी घेताना दुकानदाराला एवढेच विचारा: ‘ही कोणी बनवली?’ उत्तर मिळाले नाही, तर कोल्हापुरी म्हणून ती घेऊ नका.